लेकीच्या बाळंतपणाला म्युनिकला जाताना: स्वयंपाकघराची तयारी

तिकीट निघालं की लगेच बॅगा काढू नका, आधी लेकीला फोन करा. "काय आणू?" असं विचारलंत तर ती "काही नको गं आई" म्हणेल. म्हणून असं विचारा: दमून घरी आलीस की काय खावंसं वाटतं? माझी लेक क्षणभर थांबून म्हणाली, "मऊ भात, मेतकूट, तूप." मी तोवर चकल्या-अनारशांचा हिशेब मांडून बसले होते. त्या एका उत्तरानं माझी सगळी यादी बदलली, आणि दुसऱ्या नातवंडाच्या वेळी मी तीच यादी घेऊन गेले.

फोनवरच तिच्या ओट्याचे फोटो मागवून घ्या. शेगडी इंडक्शनची असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिथे चालत नाही. दुकानात बुडाला चुंबक चिकटतो का ते बघून स्टीलचा घ्या, ३ लिटरचा पुरतो. मिक्सर आपलाच चालेल, कारण वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त पिनेसाठी अ‍ॅडॉप्टर लागतो. (अमेरिकेला जाणाऱ्यांनी मिक्सर नेऊ नये, तिथला दाब १२० व्होल्ट असतो.) धुराचा अलार्म कुठे बसवलाय तेही विचारून ठेवा. ओटा आणि बैठकीची खोली एकच असेल तर मिरचीच्या फोडणीनं तो वाजतो, आणि बाळ नेमकं तेव्हाच झोपलेलं असतं. आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं.

काय न्यायचं नाही ते आधी ठरवा, म्हणजे जिवाला घोर राहत नाही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्या सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, चक्का, सगळं घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे, अळूची पानंही नकोत. त्यांना रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपल्याच विमानतळावर काढून ठेवतात, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. खोबऱ्याचा कीस तिथे केकच्या सामानाच्या फळीवर 'कोकोसरास्पेल' नावानं मिळतो.

तूप नेता येत नाही याचं मला फार वाईट वाटलं होतं. बाळंतिणीला तुपाशिवाय काय घालायचं? तिथल्या दुकानांत 'बुटरश्माल्झ' म्हणून तयार तूप मिळतं, फोडणीला ठीक आहे, पण भातावर घेतलं की वास येत नाही. मग लेकीच्या शेजारणीनं सांगितलं की लोणी दोन जातींचं असतं. एक गोड सायीचं, दुसरं आंबवलेल्या सायीचं. या दुसऱ्याचं नाव 'झाउअररामबुटर': झाउअर म्हणजे आंबट, राम म्हणजे साय. म्हणजे विरजण लावलेल्या सायीचं आपलं लोणीच की! २५० ग्रॅमच्या दोन वड्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवल्या. आधी पांढरा फेस आला, मग तडतड सुरू झाली. तडतड हळूहळू कमी झाली आणि तळाशी बेरी बदामी दिसायला लागली, तसा गॅसऐवजी बटण बंद करून पातेलं बाजूला उतरवलं, कारण तिथली काच तापलेलीच राहते आणि तूप करपतं. वासानं लेक बाळाला खांद्यावर घेऊन ओट्याशी आली. बेरीत साखर घालून तिनं उभ्याउभ्याच खाल्ली, तिसरी-चौथीत असताना खायची तशी. त्यामुळे यादीत तूप लिहू नका, तूप गाळायला बारीक जाळीची गाळणी लिहा.

आता बॅगेत जायचं ते. मेतकूट अर्धा किलो, गोडा मसाला अर्धा किलो, थालीपिठाची भाजणी एक किलो, कुळथाचं पीठ, आमसुलं, लसणीची चटणी, हिंग, डिंक, खारकेची पूड, सुंठ, नाचणी सत्त्व. पिठं पूर्ण गार झाल्यावरच भरा आणि २५० ग्रॅमच्या छोट्या पुड्या करा, मोठी पिशवी सारखी उघडली की वास उडतो. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहा, कारण न ओळखता येणारी पिवळी पूड दिसली की कोणीही विचारणारच. हिंगाची डबी दोन पिशव्यांत. लोणचं मी आता नेत नाही. पहिल्या खेपेला बरणीतलं तेल झिरपून बाळासाठी शिवलेल्या मऊ दुपट्यांना लागलं, आणि ते डाग गेलेच नाहीत. लिंबं तिथे मिळतात, आठवड्याचं लोणचं तिथेच घाला.

बाकीचं तिथे आहे. मसूर डाळ, रवा, दही, ताक कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. मऊ भातासाठी बासमती घेऊ नका, 'मिल्शराइस' घ्या. दाणा आखूड, चिकट, आंबेमोहोराचा वास नाही पण पोत तोच. तूर डाळ, पोहे, कणीक आणि साबुदाणा मुख्य स्टेशनाजवळच्या भारतीय दुकानांतून आणा, आणि तिथल्याच तुर्की दुकानांतून भेंडी, छोटी वांगी, कोथिंबीर. कोथिंबिरीचं पान चुरगळून वास घेतल्याशिवाय जुडी उचलू नका, शेजारी हुबेहूब तशीच पार्सली असते. म्युनिकचं पाणी जड आहे, डाळ शिजायला वेळ घेते, तासभर भिजवाच. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी पोहोचणार असाल तर दोन दिवसांचं सामान लेकीला आधीच भरून ठेवायला सांगा.

अळिवाचं सांगायचं राहिलं. आपलं अळीव म्हणजे तिथलं 'क्रेसं'. जर्मन लोक खिडकीत त्याचे अंकुर वाढवतात आणि कात्रीनं कापून लोणी लावलेल्या पावावर घालतात. पेरणीचं बी घेऊ नका, अंकुर काढून खाण्यासाठीचं घ्या, खीर उत्तम होते. आणि बाळंतशोपांची काळजी नको. बडीशेप, शहाजिऱ्याच्या नात्यातलं 'क्युमेल' आणि अ‍ॅनिस यांचा चहा तिथे अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीच विकतात, नाव 'श्टिलटे'.

दवाखान्यात संध्याकाळचं जेवण बहुधा थंड असतं, पाव आणि चीजच्या चकत्या. रुंद तोंडाचा थर्मास न्या. परिचारिकांना आधी विचारून पहिल्याच संध्याकाळी त्यातून गरम वरण-भात दिला, आणि लेक काही न बोलता शेवटच्या शितापर्यंत जेवली.

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. शेवटच्या आठवड्यात उरलेल्या पुड्या फ्रीजरमध्ये तारखा घालून लावा, तूप दोनदा कढवून ठेवा, आणि एकदा तुम्ही खुर्चीवर बसून जावयांच्या हातून मऊ भात करून घ्या. एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मीठ, चार शिट्ट्या. मेतकूट भात वाफाळता असतानाच घालायचं, तूप त्यानंतर.