सीमेवरचे कार्गो स्कॅन वाचणारी माणसं: किती लागतात, कशी निवडायची, कशी तयार करायची

नवा कार्गो स्कॅनर बसवताना पाया, संरक्षक भिंत, वीज, देखभालीचा करार या सगळ्याचा हिशोब काटेकोर होतो. स्कॅन पाहणाऱ्यांची संख्या मात्र बहुतेक ठिकाणी शेवटी, अंदाजाने ठरते. 6 ते 9 एमईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) क्षमतेचा लिनॅक, म्हणजे स्कॅनरसाठी एक्स-रे तयार करणारं यंत्र, साधारण 300 ते 400 मिलिमीटर पोलादातून आरपार जातो. तरी पोत्यांच्या थप्पीतला एक वेगळा चौकोन ओळखायचं काम शेवटी ॲनालिस्टच्या, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्याच्या, डोळ्यांवरच येतं. या कामाची माणसं कशी उभी करायची, त्याची ही पद्धत.

डोकी मोजताना सरासरीवर जाऊ नका

नेहमीचा चुकीचा हिशोब असा: दिवसाला 240 स्कॅन, एकाला सरासरी 5 मिनिटं, म्हणजे 20 तासांचं काम. आठ तासांच्या पाळीने भागलं की अडीच, म्हणून तीन माणसं.

यात दोन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे गाड्या दिवसभर सारख्या येत नाहीत. दुसरी म्हणजे कोणीही तासन्‌तास तितक्याच लक्षाने स्क्रीन पाहू शकत नाही. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये घड्याळाच्या काट्याच्या प्रयोगातून दाखवलं होतं, की अशा पहाऱ्याच्या कामात पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागतात. युरोपीय संघाच्या विमानतळ नियमांत सामानाच्या एक्स-रे प्रतिमा सलग पाहण्याची मर्यादा साधारणपणे 20 मिनिटं आहे आणि त्यानंतर किमान 10 मिनिटं प्रतिमा पाहायच्या नाहीत. कार्गोची प्रतिमा बॅगेपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची असते, त्यामुळे हीच लय इथेही धरावी. म्हणजे एका माणसाकडून तासाला 40 मिनिटं पाहणं मिळतं.

आता तोच हिशोब पुन्हा करा. समजा, दिवसाच्या 40 टक्के गाड्या गर्दीच्या तीन तासांत येतात. म्हणजे 96 स्कॅन, तासाला 32, पाहण्याची 160 मिनिटं, म्हणून चार खुर्च्या. उरलेल्या 21 तासांत तासाला सातच्या आसपास स्कॅन येतात. त्याला एक खुर्ची कशीबशी पुरते, पण शंका आल्यावर दुसऱ्याला दाखवायचं तर दोन हव्यातच. दोन खुर्च्या आठवडाभर चोवीस तास म्हणजे 336 तास. गर्दीसाठी आणखी दोन खुर्च्या, पाळी बदलण्याचा वेळ धरून रोज चार तास, म्हणजे 56. एकूण 392. रजा, सुट्या, आजारपण आणि प्रशिक्षण वजा केलं की आठवड्याला 40 तासांचा पगार घेणारा माणूस वर्षभराच्या सरासरीने 33-34 तासच हाती लागतो. म्हणजे बारा माणसं, शिवाय प्रत्येक पाळीला एक पर्यवेक्षक आणि ठाण्यासाठी एक प्रशिक्षक. तीन आणि बारा यांतला फरक मंजुरी घेतानाच मांडावा. नंतर जागा मिळत नाहीत, मग पाच मिनिटांचा स्कॅन दीड मिनिटात पास होऊ लागतो आणि रांग हलते म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

कोणाला घ्यावं

प्रतिमा रंगीतही असतात, म्हणून इशिहारा तक्त्यांवर (रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे ओळखायची चाचणी) रंगदृष्टी तपासा. त्याहून महत्त्वाची चाचणी एकावर एक आलेल्या आकृत्या सुट्या करून पाहण्याची आणि वळवलेली वस्तू ओळखण्याची. ही क्षमता प्रशिक्षणाने थोडीफार वाढते, पण मुळात कमी असेल तर भरून निघत नाही. तपासणी शेडमध्ये वर्ष-दोन वर्षं माल उघडून पाहिलेले कर्मचारी सर्वांत लवकर तयार होतात, कारण टाइल्सचं पॅलेट, कागदाचे रोल, गोठवलेलं मांस प्रत्यक्षात कसं रचतात हे त्यांना ठाऊक असतं. स्कॅन रूम ही शिक्षेची किंवा सोयीची बदली होता कामा नये. बसून करायचं काम म्हणून कोणालाही तिथे बसवलं जातं, आणि सगळ्या नियोजनातली ही सर्वांत महागडी काटकसर आहे.

पहिले सोळा आठवडे

पहिले दोन आठवडे स्क्रीन नको. कंटेनर उघडायचे, मोजायचे, घोषणापत्र आणि पॅकिंग लिस्ट मालाशी ताडून पाहायची, मालाच्या वर्गीकरणासाठीच्या सहा आकडी एचएस कोडची रचना समजून घ्यायची.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात फक्त निर्दोष प्रतिमा, म्हणजे ज्यांत काही लपवलेलं नाही अशा. हा भाग लोक घाईने उरकतात आणि पुढे सगळं तिथेच अडतं. वेगळं ओळखायचं तर नेहमीचं पाठ हवं. किमान दोन हजार निर्दोष प्रतिमा, मालाच्या प्रकारानुसार लावलेल्या, प्रत्येक शिकाऊ माणसाच्या नजरेखालून जाव्यात. त्यांत रिकामे कंटेनर, रीफर (माल थंड ठेवणारे कंटेनर), टँकर आणि ट्रकच्या सांगाड्याचे भरपूर नमुने असावेत.

पाचवा ते आठवा आठवडा लपवण्याच्या जागांचा. त्यानंतरचे आठ आठवडे खरं काम, पण प्रत्येक निर्णयावर अनुभवी माणसाची सही.

परीक्षेत 200 प्रतिमा ठेवा, त्यांपैकी 40 दोषी. पकडलेले आणि उगाच अडवलेले यांचे गुण वेगवेगळे मोजा. नाहीतर सगळंच संशयास्पद म्हणणारा पहिला येईल. 40 पैकी किमान 34 पकडले आणि 160 पैकी जास्तीत जास्त 24 उगाच अडवले, ही सुरुवातीला ठेवायला रास्त रेषा आहे. दोषी प्रतिमा दहाच ठेवल्या तर एका चुकीने निकाल दहा टक्क्यांनी हलतो, मग नापास माणूस नशिबाला दोष देतो आणि त्याचं म्हणणं खोडताही येत नाही.

स्कॅन वाचण्याचा क्रम

क्रम ठरलेला हवा आणि तो रोज तोच हवा. आधी प्रतिमा पूर्ण आहे का, गाडीचा वेग बदलल्याने ती ताणली किंवा दबली नाही ना, हे पाहा. मग काळे भाग. किरण जिथे आरपार गेलेच नाहीत तिथे ‘काही नाही’ असं लिहायचं नसतं, ‘दिसलं नाही’ असं लिहायचं. तो भाग मोठा असेल तर दुसऱ्या कोनातून स्कॅन किंवा माल अर्धवट उतरवणं.

त्यानंतर ग्रेस्केल, म्हणजे राखाडी छटांची प्रतिमा, रंग नंतर. नवखे लोक थेट रंगीत प्रतिमेवर जातात. दोन ऊर्जांच्या तुलनेतून सेंद्रिय पदार्थ आणि धातू वेगळे दाखवणारा तो रंग फार जाड मालात भरवशाचा राहत नाही, कारण डिटेक्टरपर्यंत पुरेसा सिग्नलच येत नाही.

मग गाडी: टायरमध्ये हवेची उजळ जागा दिसली पाहिजे. इंधनाच्या टाकीत द्रवाची पातळी आडवी असते, तिथे उभी कड दिसली तर ती द्रवाची नाही. मग कंटेनरचा सांगाडा: पुढची भिंत, छत, जमिनीची जाडी, रीफरचं यंत्र असलेला कप्पा. 40 फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण 12.03 मीटर भरते. रिकाम्या कंटेनरमध्ये ती 11.6 आली तर समोर खोटी भिंत असण्याची शक्यता आहे. दाराजवळचा शेवटचा मीटर वेगळा पाहा, कारण मालकाच्या नकळत पिशव्या टाकून सील बदलण्याची युक्ती तिथेच होते. सगळ्यात शेवटी माल आणि घोषणापत्र यांचा मेळ.

एक सापडलं म्हणून थांबायचं नाही. पहिली वस्तू दिसली की डोळा समाधानी होतो आणि दुसरी निसटते. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनाही हा दोष चांगला माहीत आहे. माणसासारखी आकृती दिसली तर क्रम सोडून द्या. कंटेनर लगेच उघडायचा, वैद्यकीय मदत आधी, चौकशी मागाहून.

क्वचित दिसणारं निसटतं

मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेल्या प्रयोगांत शोधायची वस्तू निम्म्या प्रतिमांत होती तेव्हा सुमारे 7 टक्के वेळा ती सुटली. शंभरात एकदाच असताना सुटण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर गेलं. सीमेवर प्रमाण याहूनही कमी असतं. म्हणून खऱ्या कामात शंभरामागे दोन ते चार चाचणी-प्रतिमा (मुद्दाम एखादी संशयास्पद वस्तू दाखवणाऱ्या) मिसळाव्यात आणि निर्णय दिल्यावर लगेच उत्तर दाखवावं. इथे एक खोच आहे. संगणकाने चिकटवलेल्या वस्तूच्या कडा अती स्वच्छ असतात, आजूबाजूचा कणीदारपणा तिच्यात नसतो. काही आठवड्यांत लोक माल शोधणं सोडून चिकटवलेलं ओळखायला शिकतात आणि गुण झकास दिसतात. त्यासाठी पीठ, साखर, प्लास्टिकचे गोळे यांची पाकिटं खऱ्या कंटेनरमध्ये दडवून खरेच स्कॅन घ्या आणि दर तीन महिन्यांनी संच बदला.

उघडल्यावर काय निघालं, ते परत आलं पाहिजे

सगळं प्रशिक्षण शेवटी यावर टिकतं. अडवलेल्या प्रत्येक कंटेनरचा निकाल 24 तासांत, फोटोसह, त्याच ॲनालिस्टकडे जायला हवा: बेकायदा माल निघाला, साधं कारण निघालं, की वेगळं काही आढळलंच नाही. तिसऱ्या प्रकाराकडे बारकाईने पाहा. बाजूने घेतलेल्या एकाच प्रतिमेत लांबी आणि उंची कळते, वस्तू कंटेनरच्या रुंदीत कुठे आहे ते कळत नाही. शेडमधला माणूस अलीकडच्या रांगा बघतो आणि ‘काही नाही’ लिहून मोकळा होतो. म्हणून सूचना अशी द्या: दारापासून 2.5 मीटर, जमिनीपासून 1 मीटर, पूर्ण रुंदी तपासा. अंतर नेहमी दारापासूनच मोजायचं, कारण ट्रक स्कॅनरमध्ये कोणत्या दिशेने शिरला यावर प्रतिमेतलं डावं टोक बदलतं.

पास केलेल्यांतलेही काही कंटेनर, शंभरात एक तरी, चिठ्ठी काढून उघडा. नाहीतर सुटलेल्यांची मोजदाद कधीच होत नाही आणि कागदावर सगळेच निष्णात ठरतात. स्कॅन दूरच्या केंद्रात पाहिले जात असतील तर कोणती प्रतिमा कोणाकडे जाईल हे संगणकाने ठरवावं. ड्रायव्हर आणि ॲनालिस्टची ओळख पडत नाही हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा, की ॲनालिस्टचा मालाशी संबंध तुटतो, म्हणून महिन्यातून दोन दिवस त्याला शेडमध्ये पाठवायचंच.

राहिला बदलीचा प्रश्न. सोळा आठवडे खर्चून तयार झालेला माणूस जाण्याआधी त्याच्या जागी येणाऱ्याला किमान चार महिने शेजारी बसवा, आणि एका तिमाहीत दोनाहून अधिक खुर्च्या बदलू देऊ नका.