माळ्यावर सापडलेला जुना खेळण्यातला रेल्वेडबा ओळखायचाय? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांची आवराआवर निघाली की ट्रंकेच्या तळाशी कधीतरी एखादा सुटा रेल्वेडबा हाती लागतो. इंजिन नाही, रूळ नाहीत, खोकं तर नाहीच. 'आजोबांनी मुंबईहून आणला होता' एवढीच घरची माहिती. तरीही तो कुणी आणि साधारण कधी बनवला, हे बऱ्याच वेळा शोधता येतं. पुरावा डब्यावरच असतो. तो आपल्याच हातांनी नाहीसा होऊ नये, एवढी काळजी घ्यायची.

म्हणून आधी घासणं बंद. चिंच, रॉकेल, भांड्यांची पावडर, ओलं फडकं, यातलं काहीच नको. जुन्या पत्र्याच्या डब्यांवरची खिडक्या-दारं ही थेट पत्र्यावरची छपाई असते. खाली गंज धरला असेल तर घासताना तिचा पापुद्राच निघतो. काही डब्यांवरची अक्षरं ट्रान्स्फरची, म्हणजे कागदावरून उतरवून चिकटवलेली असतात, तीही ओलाव्याने सुटतात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि थांबा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते बाजूवरच्या नावाला. 'एलएमएस' किंवा 'एनई' दिसलं की ती खेळणं बनवणारी कंपनी समजून शोध सुरू होतो. ही खऱ्या ब्रिटिश रेल्वे कंपन्यांची अक्षरं आहेत. त्या कंपन्या १९२३ ते १९४७ पर्यंत होत्या, पण त्यांच्या रंगातली खेळणी पुढेही बनत राहिली. अमेरिकन डब्यांवर 'बीएलटी' (बिल्ट, म्हणजे बांधला) पुढे तारीख दिसते, तीही सहसा खरा डबा कधी बांधला याची असते. लायोनेल या अमेरिकन खेळणी कंपनीच्या डब्यांवरचा क्रमांक मात्र बहुधा त्यांच्या कॅटलॉगचा असतो, तो जरूर टिपून ठेवा. बाकी बनवणाऱ्याचं नाव शोधायचं तर डबा उलटा करा आणि भिंगाने तळ बघा. 'यूएस झोन जर्मनी' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली काही वर्षं. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर १९५२ च्या आतला. 'जीबीएन' म्हणजे न्यूरेंबर्गची बिंग कंपनी.

आता माप. मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या पाहिलेल्या माणसाला गेज समजावून सांगावं लागत नाही: दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. पण आपल्याकडे रूळच नाहीत, म्हणून लोक चाकांच्या बाहेरून पट्टी लावतात आणि उत्तर चुकतं. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, घ्या (कुपवाड एमआयडीसीत ओळखीचं कुणी असेल तर मिळायला अडचण नाही) आणि दोन चाकांच्या पाठींमधलं, म्हणजे आतलं अंतर मोजा. ते १४ ते १४.५ मिमी भरलं तर रूळ १६.५ मिमीचा. २८ च्या आसपास भरलं तर ३२ मिमीचा ओ गेज.

इथेच पुढची गफलत होते. १६.५ मिमीच्या रुळावर दोन प्रमाणांचे डबे धावतात: ब्रिटिश ओओ १:७६ आणि इतर देशांतला एचओ १:८७. सहा फुटी माणूस पहिल्यात २४ मिमी होतो, दुसऱ्यात २१. तेव्हा डब्याचं दार मोजा. त्यातून कितपत उंच माणूस आत जाईल, यावरून प्रमाणाचा अंदाज येतो. अगदी स्वस्त खेळण्यांत प्रमाण पाळलेलंच नसतं, तिथे या हिशेबावर फार विसंबू नका.

मल्टिमीटर, म्हणजे वीज वाहते का ते तपासायचं यंत्र, वापरायचं फार कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. तो बीपच्या सेटिंगवर ठेवून एकाच आसावरच्या दोन चाकांना टोकं लावा. बीप वाजला तर चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नाहीत. असा डबा दोन रुळांतून वीज घेणाऱ्या मांडणीवर शॉर्टसर्किट करील, त्यामुळे तो बहुधा चावीच्या गाडीचा किंवा विजेसाठी मधे तिसरा रूळ असलेल्या तीन रुळी पद्धतीचा: जर्मनीची मार्कलिन, लायोनेल, किंवा ब्रिटनच्या हॉर्नबीचा सुरुवातीचा, ओओ मापाचा 'डब्लो'. डब्लोने दोन रुळी पद्धत १९५९ मध्ये आणली. चाकं प्लॅस्टिकची असतील तर बीप न वाजण्याला अर्थ नाही.

'हॉर्नबी' एवढं नाव वाचून काळ ठरवू नका. पत्र्याच्या ओ गेज गाड्या १९२० पासूनच्या, डब्लो १९३८ चा. मूळची मेकॅनो कंपनी १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सकडे गेली, मग ट्राय-अँग हॉर्नबी, आणि १९७२ पासून हॉर्नबी रेल्वेज. नावाचा नेमका मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या.

डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यांवरून, म्हणजे कपलिंगवरून, लगेच निष्कर्ष नको. मुलं ती बदलत असत. शेजारी रिकामं भोक किंवा वेगळा स्क्रू दिसला तर मूळचं कपलिंग गेलेलं आहे.

शेवटी धातू. चुंबक चिकटला तर पत्रा. चिकटला नाही, वजन जड आहे आणि अंगावर बारीक भेगा पडून भाग फुगलाय, तर ते जस्ताचं ओतकाम आहे. त्यात शिशासारखी भेसळ राहिली असेल तर ते आतूनच फुटत जातं, आणि त्यावर उपाय नाही. असा डबा उघडायला जाऊ नका, स्क्रू पिळताच तुकडे हातात येतील. पट्टी शेजारी ठेवून तळाचे, बाजूंचे आणि आसांचे फोटो आत्ताच काढा, आणि डबा कोरड्या जागी, कशाचाही दाब येणार नाही असा ठेवा.