फाईल जाड झाली म्हणून पुरस्कार मिळत नाही: ‘उत्कृष्ट एकक’च्या प्रस्तावात या चुका टाळा

पावसाळा लागला की साताऱ्यात माझ्या घरी एक वरात येते. पुढे नवा कार्यक्रम अधिकारी, म्हणजे कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सांभाळणारा प्राध्यापक, मागे दोन-तीन स्वयंसेवक आणि त्यांच्या हातात ‘उत्कृष्ट एकक’ पुरस्काराच्या प्रस्तावाची भली जाडजूड बॉक्स फाईल. “सर, नुसती नजर टाका. परवा कोल्हापूरला विद्यापीठात द्यायचीय.” परवा! काम वर्षभराचं आणि नजर टाकायला एक संध्याकाळ. राष्ट्रीय सेवा योजनेत नऊ वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो, पुढे काही वर्षं पुरस्कारांच्या छाननीलाही बसलो. त्याच त्या चुका बघून कंटाळलोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुढच्या वर्षीही या, चहा मिळेल, पण हे वाचून या.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते शेवटच्या आठवड्यात आकडे ‘बसवले’ जातात तेव्हा.

एनएसएसचं गणित चौथीच्या पोराला जमेल असं आहे. एकक म्हणजे कॉलेजातली एनएसएसची तुकडी, तिच्यात १०० स्वयंसेवक. प्रत्येकाचे वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०. सात दिवसांचं विशेष शिबिर त्यात धरायचं नाही, ते वेगळं. म्हणजे एकही पोरगं गैरहजर राहिलं नाही तर वर्षाचे १२,००० तास भरतात. एका फाईलीत आम्हाला ३८,००० तास सापडले होते. माणशी ३८०! कॉलेज, प्रॅक्टिकल, एस.टी.चा प्रवास आणि वर हे. ही पोरं झोपत कधी होती?

छाननीला आमच्याबरोबर एक मॅडम असायच्या, बरीच वर्षं वसतिगृहाच्या रेक्टर राहिलेल्या. त्या अहवाल पुढून उघडायच्याच नाहीत. थेट मागून, किराण्याच्या पावत्यांपासून सुरुवात. एकदा एका फाईलीवर थांबल्या आणि चष्मा वर करून म्हणाल्या, “पन्नास मुलं, सात दिवस, मुक्कामी. आणि तांदूळ पंधरा किलो?” त्यांचा हिशोब तोंडपाठ होता. भाकरी-चपाती असली तरी माणशी एका वेळेला ५० ग्रॅम तांदूळ धरा. दोन वेळा, ५० मुलं, सात दिवस: ३५ किलो तरी लागणार. फोन लावला तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त पोरं जवळपासच्या गावची होती, संध्याकाळच्या गाडीने घरी जायची आणि सकाळी परत यायची. हजेरीपटावर मात्र सातही रात्री पन्नासच्या पन्नास सह्या.

वाईट याचं वाटलं की काम खरं होतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता, फोटोत पाणी तुंबलेलं स्वच्छ दिसत होतं. पण एक सही खोटी निघाली की समोरचा माणूस बाकीच्या शंभर सह्याही संशयानेच बघतो. फाईल बाजूला गेली.

रक्तदानाचंही तेच. नोंदणी केलेल्यांचा आकडा लिहायचा आणि रक्तपेढीच्या पत्रावर पिशव्यांचा वेगळाच आकडा. अरे, हिमोग्लोबिन १२.५च्या खाली असेल, वजन ४५ किलोपेक्षा कमी असेल तर डॉक्टर परत पाठवणारच. नोंदणी ११२ आणि पिशव्या ७१ असं असेल तर दोन्ही लिहा. परत गेलेल्या ४१ जणांत मुली किती, त्यांचं हिमोग्लोबिन किती भरलं आणि पुढे तुम्ही काय केलं हे सांगितलंत तर ते ११२च्या फुशारकीपेक्षा कितीतरी वजनदार होतं. इतक्या वर्षांत हे लिहिणारं एकच एकक मी पाहिलं.

माझी सवय सांगतो. दोनशे पानी वही. काम झालं त्याच संध्याकाळी, जेवणाच्या आधी, तारीख, काय केलं, किती जण, किती वाजेपर्यंत. लिहिल्याशिवाय ताट मिळणार नाही, असा शिबिरात नियमच होता. पोरं मागे ‘तुरुंगाधिकारी’ म्हणायची. म्हणू देत. आता मोबाईलवर ॲप आहे, पोर्टल आहे, जिओटॅग फोटो आहेत, सगळं वापरा. वही सोडू नका.

“चिखल काढायचा की हजेरी घ्यायची?” असं मला सांगलीच्या एका कार्यक्रम अधिकारी बाईंनी सुनावलं होतं. ऑगस्ट २०१९चा पूर. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, ओसरल्यावर गावभागात घराघरांत गुडघाभर गाळ. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण त्याच बाईंनी रोज रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलं होतं: कोणती गल्ली, किती घरं, कोण कोण, फावडी कुणाची आणली. ती चिखलाच्या बोटांची पानं त्यांनी जशीच्या तशी प्रस्तावाला जोडली. छाननीत त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही.

आता फोटो. इथे दुसऱ्या कुणाची नाही, माझीच फजिती सांगतो.

माझं दुसरं वर्ष. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात शिबिर, गावामागच्या डोंगराच्या उतारावर चर खणायचे. मी कॉमर्सचा माणूस, मला ताळेबंद जुळवता येतो, डोंगर नाही. पोरांना म्हटलं, “सरळ रेषेत खणा रे, फोटोत छान दिसतं.” पोरांनी वरून खाली, शिस्तीत, आखल्यासारखे चर खणले. टिकाव, फावडी, पाट्या, पुढे बॅनर, मागे चर. फोटो खरंच देखणा आला. प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर तोच.

मुलाखतीला बोलावलं. समितीत कृषी महाविद्यालयाचे एक प्राध्यापक होते. मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारलं, “सर, चर उताराला उभे का हो?” मी म्हटलं, “म्हणजे?” तिथेच मुलाखत संपली म्हणायची. सलग समतल चर हे नावातच सांगतंय की समतल, उताराला आडवे, एकाच पातळीत. पाणी अडावं आणि मुरावं म्हणून. आमचे उभे चर म्हणजे पाण्याला आयती पन्हाळ. जूनच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांत पाणी त्यातून सुसाट खाली आलं, वरची माती घेऊन. खालच्या रानाच्या मालकाचा फोन आला, “मास्तर, तुमच्या पोरांनी माझ्या रानात डोंगर आणून टाकलाय. आता काढायलाबी तीच पाठवा.”

पाठवली, मीही गेलो. पुढच्या हिवाळ्यात त्या उभ्या चरांत ठिकठिकाणी दगडांचे आडवे बांध घातले आणि नवे चर नीट आखून खणले. आखायला यंत्र लागत नाही. तीन काठ्यांची ए-फ्रेम आणि दोरीला बांधलेला दगड पुरतो, किंवा पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघायची. अर्ध्या तासात मुली पटापट आखायला लागल्या. त्या वर्षीच्या प्रस्तावात ‘मागच्या वर्षी आमचं काय चुकलं’ असं एक पान घातलं. समितीने सगळ्यात जास्त वेळ तेच वाचलं. पुरस्कार तेव्हाही नाही मिळाला, तिसऱ्या वर्षी मिळाला.

तेव्हा बॅनरचे चाळीस फोटो नकोत. एकाच जागेचे तीन द्या: कामाआधी, काम चालू असताना आणि एक पावसाळा गेल्यावर. तिसरा फोटो नसेल तर तुम्ही गावात परत गेलाच नाहीत, हे आम्हाला कळतं.

झाडांचंही असंच. ‘५०० झाडे लावली’ हा जुलैचा आकडा झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडच्या डोंगरांना वणवे लागतात हे साताऱ्याच्या पोराला सांगायला नको. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढली होती का, आणि आज जिवंत किती, तेवढं लिहा. ८० असतील तर ८०.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

२४ सप्टेंबर १९६९, ३७ विद्यापीठं, ४० हजार विद्यार्थी, बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक: हा इतिहास पहिल्या बारा पानांत छापू नका. वाचणाऱ्याला तो पाठ आहे.

मान्यवरांची शुभेच्छापत्रं एका पानात संपवा.

वर्तमानपत्राच्या कात्रणावर पेपरचं नाव आणि तारीख नसेल तर ते नुसतं रद्दीतलं चिठोरं.

दुसऱ्याचा अहवाल ढापू नका. माण तालुक्यातल्या दत्तक गावाच्या प्रस्तावात मी ‘कृष्णेच्या पुराने बाधित कुटुंबे’ वाचली आहेत. माणमध्ये! तिथे लोक टँकरची वाट बघतात.

गावाच्या सर्वेक्षणाचे १८० फॉर्म, एकच अक्षर आणि एकच निळं पेन, हे तर नेहमीचंच. चाळीसच घरं करा, पण उंबऱ्यावर बसून करा. असं खरं सर्वेक्षण ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेतही मांडता येतं, मग अभ्यासाच्या बाजूला वेगळी मखलाशी करावी लागत नाही. वर्षभर शिबिरं केली आणि अर्धं एकक नापास झालं, हेही समितीला दिसतं बरं का.

सरपंचांचं पत्र तुम्हीच टाईप करून सहीला नेता, तेव्हा त्यात ‘सदर उपक्रमाने ग्रामस्थांमध्ये नवचैतन्य निर्माण झाले’ असतंच. त्यापेक्षा गावातल्या कुणीही चार ओळी हाताने लिहून दिल्या तरी चालतील, शुद्धलेखन चुकलं तरी चालेल.

आणि शेवटच्या दिवशी कोल्हापूरला पळू नका. एकदा आमचा प्रतिनिधी ऐन मुदतीच्या संध्याकाळी पोचला. कार्यालय बंद. फाईल तिथल्या एका शिपाईमामांकडे देऊन आला आणि वर मला फोन, “सर, काम झालं!” फाईल पंधरा दिवसांनी एका कपाटावर सापडली, तोवर निकाल लागला होता. आवक क्रमांक घातलेली पोच हातात घ्या, तिचा फोटो ग्रुपवर टाका आणि मगच परतीची एस.टी. धरा.