सोसायटीच्या गच्चीवर सोलर: ‘शून्य बिला’चं कोटेशन कसं तपासायचं

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘लिफ्ट-पंपाचं बिल शून्य होईल’ हे एक, आणि ‘या हरित ऊर्जेच्या खुळापायीच वीज महागलीय’ हे दुसरं. दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा बिल न वाचताच बोलली जातात. म्हणून कोटेशन बाजूला ठेवा आणि कॉमन मीटरची मागची बारा बिलं आधी टेबलावर मांडा.

प्रत्येक बिलातले युनिट एका रकान्यात लिहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार वेगवेगळे लिहा, त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क शेवटी. युनिट तेवढेच आणि रक्कम वाढलेली, तर दर वाढला. युनिटच वाढले असतील तर आधी पंप आणि जिन्यातले दिवे तपासा. अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल यात मिसळू नका. ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी लागते, म्हणून वापर वाढला की फरक मागतात. ती दरवाढ नव्हे. कळवा-मुंब्रा-शीळमध्ये टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून वीज देते, पण दर महावितरणचेच लागतात.

आता ‘हरित’ खर्च यात कुठे बसतो? त्याची वेगळी ओळ बिलात सापडणार नाही. इंधन समायोजन हा कोळशाच्या आणि वीजखरेदीच्या चढउताराचा हिशेब आहे. सौर प्रकल्पांच्या लिलावात युनिटचा दर मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला २.४४ रुपये आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातला १.९९ रुपये इतका खाली आला होता. पण तो दर दुपारच्या विजेचा, तोही प्रकल्पाच्या दारातला. संध्याकाळी सातला घोडबंदर रोडच्या टॉवरांत एसी लागतात तेव्हा ती वीज नसते. त्या वेळेसाठी औष्णिक संच तयार ठेवावे लागतात किंवा साठवण बांधावी लागते. ठाणे जिल्ह्याच्या कडेला शहापूरजवळचा घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प त्याचसाठी आहे: मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, गर्दीच्या वेळी खाली सोडायचं. असं काही बांधायचं तर पैसा लागतो, आणि तो शेवटी दरात येतो. शंका घ्यायचीच तर इथे घ्यावी. ‘पॅनेल महाग’ म्हणून नव्हे.

मग गच्चीवर बसवणं परवडतं का? याचं उत्तर बिलाच्या स्लॅबमध्ये आहे, म्हणजे युनिट जितके जास्त तितका पुढच्या युनिटचा दर जास्त. सोसायटीचं कॉमन मीटर घरगुती दरातच मोजलं जातं, पण सगळी इमारत एका मीटरवर, त्यामुळे ५०० युनिटांच्या वरचा महाग स्लॅब पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच लागतो. समजा महिन्याला १,८०० युनिट जळतात. त्यातले १,३०० शेवटच्या स्लॅबमधले. आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,३०० युनिट मिळतात, म्हणजे १० किलोवॅटचे महिन्याला सरासरी १,१०० च्या आसपास. हे सगळे वरच्या, सर्वांत महाग स्लॅबमधून वजा होतात. साधारण १२ किलोवॅटनंतरचा प्रत्येक किलोवॅट खालच्या, स्वस्त स्लॅबमधले युनिट खातो, म्हणजे तेवढ्याच खर्चात कमी वाचवतो. १६-१८ किलोवॅट सुचवणाऱ्याला हाच हिशेब महिनावार करून मागा. जुलैत १ किलोवॅटला ७५ युनिटांच्या आसपासच हाती येतात, एप्रिलमध्ये १३५ वगैरे. सरासरीने गुणलेलं कोटेशन इथेच घसरतं.

वाचलेल्या युनिटची किंमत अशी काढा: शेवटच्या स्लॅबचा वीज आकार, अधिक वहन आकार, अधिक इंधन समायोजन, गुणिले १.१६. एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर इथे घेऊ नका. स्थिर आकार मात्र सोलर बसवलं तरी सुटत नाही, म्हणून ‘शून्य’ हा शब्द तिथेच खोडा.

नेट मीटरिंगमध्ये दुपारची जास्तीची वीज ग्रीडला जाते आणि तेवढे युनिट पुढे तुमच्या वापरातून वजा होतात. शिल्लक ३१ मार्चपर्यंत पुढे सरकते. त्या दिवशी उरलेल्यांचा मोबदला वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो, तो तुम्ही भरता त्यापेक्षा बराच कमी. कॉमन मीटर टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारं) असेल तर निर्यात केलेले दुपारचे युनिट कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होणार, हे लेखी घ्या. लिफ्टचा जोर संध्याकाळी असतो.

अनुदानाचा आकडाही तपासा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये. ७८,००० चा आकडा स्वतंत्र घराच्या ३ किलोवॅटचा आहे, तो सोसायटीच्या कोटेशनात दिसला तर चूक किंवा चलाखी. पॅनेलचे सेलही भारतीय बनावटीचे हवेत, म्हणजे डीसीआर. कोटेशनात तसं लिहून घ्या.

गच्चीवर जाताना टेप घेऊन जा. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. टाकी, लिफ्टची मशीन रूम आणि शेजारचा टॉवर यांची सावली २०-२२ डिसेंबरच्या सुमारास मोजा. तेव्हा ठाण्यात साडेबाराच्या आसपास सावली वस्तूच्या उंचीइतकी पडते आणि सकाळी नऊला जवळपास अडीचपट. म्हणजे ३ मीटरची मशीन रूम सकाळी ७ मीटर गच्ची झाकते. मे महिन्याच्या मध्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हाच्या फोटोत सावली जवळपास दिसतच नाही. विक्रेत्याने फोटो दाखवला तर तारीख बघा!

गच्चीच्या काँक्रीटला ड्रिल मारू देऊ नका. गळती सुरू झाली की वॉटरप्रूफिंगवाला सोलरवाल्याकडे बोट दाखवतो आणि सोलरवाला पावसाकडे. वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर आधी उरका, मग काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर बसवा. वाऱ्याचा आणि ठोकळ्यांचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीकाठच्या भागात हवा खारट, म्हणून स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) आणि नट-बोल्ट स्टेनलेस हवेत. साधं पावडर कोटिंग काही पावसाळ्यांतच फुगतं. पॅनेलचा उतार दहा अंशांपेक्षा कमी ठेवला तर धूळ आणि कबुतरांची विष्ठा खालच्या कडेला साचते आणि ओळभर पॅनेलचं उत्पादन पडतं.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी पाहा. डीसी, एसी आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक यांचं अर्थिंग वेगवेगळं. पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी-४ कनेक्टर दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीचे. वेगळे जोडले तर संपर्क सैल राहतो, तापतो, जळतो. आणि एसीडीबीच्या, म्हणजे एसी बाजूच्या ब्रेकरच्या पेटीत केबल खालून शिरलेली हवी, वरून नको. पहिल्या मुसळधार पावसात पाणी याच भोकातून आत जातं आणि ब्रेकर पडतो.

वीज गेली की बॅटरी नसलेलं सोलर दुपारीही बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्या कामगाराला करंट बसू नये म्हणून पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. लिफ्टचं जनरेटर विकायची घाई करू नका.

नेट मीटर लागल्याच्या दिवशी आयात आणि निर्यात, दोन्ही रीडिंगचे फोटो तारखेसह काढून ठेवा, मग दर महिन्याच्या रीडिंगलाही. पहिल्या एक-दोन बिलांत निर्यातीचे युनिट वजा न होण्याची चूक होऊ शकते, आणि तक्रारीला तेच फोटो लागतात. इन्व्हर्टरच्या ॲपमधला आकडा मीटरशी जुळला नाही तर मीटर धरा. बिल मीटरवरच येतं.