डॅशकॅमच्या आधी कागद चिकटवा

डॅशकॅमची, म्हणजे पुढच्या काचेला आतून लावायच्या रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याची, जागा गाडीबाहेर उभं राहून ठरवली की हमखास चुकते. आतल्या आरशाच्या दांडीच्या उजव्या अंगाला हात सहज पोचतो, म्हणून बसवणारा तिथंच कॅमेरा दाबून मोकळा होतो. मग स्टिअरिंगवर बसलं की आरशाच्या कडेनं अर्धा कॅमेरा डोकावत राहतो.

कारण साधं आहे. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, त्यामुळं त्याची नजर आरशावरून तिरकी डावीकडं आणि किंचित वर जाते. आरसा काचेपासून ८-१० सेंटीमीटर अलीकडं असतो. म्हणजे त्याचा आडोसा काचेवर बरोबर मागं पडत नाही, थोडा डावीकडं आणि वर सरकतो. कॅमेऱ्याची जागा तिथं, दांडीच्या डाव्या बाजूला.

ती नेमकी सापडावी म्हणून पेपराचा कॅमेऱ्याएवढा तुकडा कापा आणि सेलोटेपनं काचेला लावा. सीट आणि आरसा रोजच्यासारखा ठेवून बसा, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघा. कागद दिसला तर सरकवा. घरातलं सगळ्यात कमी उंचीचं जे माणूस गाडी चालवतं, त्यालाही बसवून बघा. बसकी नजर आरशाखालून वर जाते, त्यामुळं उंच माणसाला न दिसणारा कॅमेरा त्याला आरशाच्या खालच्या कडेला लोंबताना दिसतो.

मग काचेवर पाणी मारून वायपर फिरवा. कागद पुसल्या जाणाऱ्या भागात हवा. जुलैत गगनबावड्याच्या घाटात वायपर न पोचणाऱ्या काचेतून नुसते थेंब रेकॉर्ड होतात. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांवर माउंटचा, म्हणजे कॅमेरा अडकवायच्या स्टँडचा, चिकट टेप नीट धरत नाही, तो पट्टा सोडा. गाडीला पावसाचा सेन्सर किंवा कंपनीचा कॅमेरा असेल तर त्याच्यापुढं काहीही येऊ देऊ नका.

जागा पक्की झाली की काच आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. जोतिबाला जाऊन आलेल्या गाडीत गुलाल आतपर्यंत गेलेला असतो. बोटाला गुलाबी लागलं तर टेप धरणार नाही, पुन्हा पुसा. पावसाळ्यात आधी दहा मिनिटं एसी काचेवर सोडून ओल घालवा. नुसता माउंट ३० सेकंद दाबून धरा, कॅमेरा मात्र दुसऱ्या दिवशी अडकवा. लगेच वजन दिलं की टेप सुटतो.

लेन्स फिरवताना क्षितिज चित्राच्या मध्यावर आणि तळाला बॉनेटची बारीक पट्टी ठेवा. आभाळ जास्त आलं तर कॅमेरा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि रस्ता काळवंडतो. पुढच्या उसाच्या ट्रॉलीचा नंबर मग वाचता येत नाही. डॅशबोर्डवरचा पांढरा रुमाल आणि अंबाबाईची चकचकीत मूर्ती काचेत उमटते. रुमाल काढा. मूर्ती हलवायची नसेल तर सीपीएल फिल्टर (लेन्सवर बसणारी, चमक कापणारी फिरती काच) लावून स्क्रीनवर प्रतिबिंब जाईपर्यंत फिरवा, पण तो रात्री थोडा उजेड खातो. स्क्रीन एका मिनिटात बंद होईल असं सेटिंग ठेवा, अंधारात तो उजेड डोळ्यात घुसतो. आणि कॅमेरा एवढा लपवून आरशाला गोंडा टांगणार असाल तर सगळी मेहनत पाण्यात.

वायर कॅमेऱ्यापासून वर छताच्या अस्तरात खोचा, डावीकडं नेऊन डाव्या खांबावरून खाली ग्लोव्हबॉक्सकडं उतरवा. कॅमेऱ्याजवळ ५-६ सेंटीमीटर ढील ठेवा, नाहीतर लेन्स फिरवताना पिन ओढली जाते. खांबावर ‘एअरबॅग’ लिहिलं असेल तर वायर पिशवीच्या पुढून कधीच नेऊ नका. ती मागूनच जायला हवी, आणि खांबाचं कव्हर काढता येत नसेल तर दाराच्या रबरातून न्या. लायटरच्या सॉकेटवर काम भागतं. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवं असेल तर फ्यूजबॉक्समधून जोडणी लागते. ती कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, बॅटरी १२.२ व्होल्टवर आली की कॅमेरा बंद होईल असं कट-ऑफ लावायला सांगा, आणि एअरबॅग किंवा एबीएसच्या फ्यूजला हात लावू देऊ नका.

खड्ड्यांनी माउंटची मान हळूहळू झुकते. महिन्याला मेमरी कार्ड फॉरमॅट करताना चित्रातली बॉनेटची पट्टी बघा. ती रुंद दिसली तर लेन्स वर उचला आणि सांध्याचा स्क्रू आवळा.