बिनव्याजी पतसंस्था गावाला कशी समजावून सांगावी

इस्लामी बँकिंगची, म्हणजे व्याज न घेता-देता चालणाऱ्या व्यवहाराची ओळख गावात करून द्यायची असेल, तर बोलण्याची सुरुवात अरबी संज्ञांनी न करता शेळीपासून करावी. आपल्या कोरडवाहू भागात शेळ्या अर्धेलीने देण्याची जुनी रीत आहे: शेळी एकाची, राखण दुसऱ्याची आणि करडे निम्मी-निम्मी. हलगर्जी नसताना शेळी दगावली, तर मालकाचे भांडवल जाते आणि राखणाऱ्याचे कष्ट वाया जातात. मुदारबा या व्यवहाराचा गाभा हाच आहे. एवढे पटले की निम्मे काम झाले असे समजावे, कारण त्यानंतर लोक स्वतःहून प्रश्न विचारू लागतात.

प्रश्न सुरू होण्याआधी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगावी. भारतात बँकिंग नियमन कायदा 1949 नुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही आणि इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये कळवले आहे. त्यामुळे आपण बिनव्याजी पतसंस्थेविषयी बोलत आहोत, बँकेविषयी नव्हे. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवीला तो नसतो, हेही कोणी विचारण्यापूर्वीच सांगावे.

दुसरे उदाहरण फळ्यावर आकडे मांडून द्यावे. शेतकऱ्याला 24,000 रुपयांचा पंप हवा आहे. संस्था तो दुकानदाराकडून आधी स्वतः विकत घेते आणि मूळ किंमत न लपवता 27,000 रुपयांना, दरमहा 2,250 रुपयांच्या बारा हप्त्यांनी त्याला विकते. यालाच मुराबहा म्हणतात. इथे हमखास कोणीतरी उठून म्हणेल, 'मग हे वरचे तीन हजार म्हणजे व्याजच की!' हा प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये. पंप शेतकऱ्याला विकेपर्यंत त्याची जोखीम संस्थेची असते आणि पाऊस लांबून हप्ता थकला तरी 27,000 चे 30,000 होत नाहीत, हा फरक दाखवावा. सावकाराच्या वहीतली रक्कम वाढताना पाहिलेल्या माणसाला तो लगेच उमगतो.

धर्माचा उल्लेख लपवू नये, पण ज्याला व्याज निषिद्ध वाटत नाही त्यालाही व्यवहार पटला पाहिजे. इजिप्तमधील मीत घम्र येथे 1963 मध्ये अहमद अल-नज्जार यांनी सुरू केलेली बचत बँक बिनव्याजी तत्त्वावर चालत असे, तरी तिच्या नावात इस्लामचा उल्लेख नव्हता.

'हलाल' हा शब्द उच्चारून ठरावीक, घसघशीत परताव्याचे आश्वासन देणाऱ्यापासून लोकांना सावध करावेच लागते. बंगळुरूची आय. एम. ए. ही कंपनी 2019 मध्ये कोसळली तेव्हा हजारो कुटुंबांची पुंजी अडकली, आणि ती मुख्यतः विश्वासाने दिलेली होती. नफा-तोट्यात खरोखर भागी असेल, तर परतावा आधी ठरूच शकत नाही, ही खूण प्रत्येकाच्या लक्षात राहील इतक्या वेळा सांगावी.

सभेला संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि ताजा लेखापरीक्षण अहवाल सोबत न्यावा. बायकांची बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी वेगळी घ्यावी, कारण बचत गट चालवल्यामुळे त्यांचे प्रश्न अधिक नेमके असतात. पहिल्या सभेत कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत. अर्ज घरी नेऊ द्यावेत आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा यावे.