ऑनलाइन एटीसी इव्हेंटमध्ये उडताय? या चुका उड्डाणाआधीच टाळा

गेल्या पावसाळ्यात घरच्या कॉम्प्युटरवर विमानं उडवणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने रात्री साडेबाराला मेसेज केला, "दादा, मुंबईला एकही कंट्रोलर दिसत नाहीये, इव्हेंट रद्द झाला का?" इव्हेंट रद्द झाला नव्हता, तो दुसऱ्या रात्री होता. इव्हेंटच्या बातमीत वेळ होती शनिवार, १९०० झुलू, म्हणजे विमानवाल्यांची जागतिक वेळ (यूटीसी). त्याने साडेपाच तास बरोबर मिळवले आणि साडेबारा काढले, पण तारीख पुढे न्यायची राहिली. शनिवारचे १९०० झुलू म्हणजे आपल्याकडे रविवार उजाडल्यावरचे साडेबारा. तो शुक्रवारी जागा राहिला आणि प्रत्यक्ष इव्हेंटच्या रात्री झोपून गेला.

मी व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर हवाई वाहतूक नियंत्रण (एटीसी) करणारा कंट्रोलर म्हणून बसतो. २००१ पासून चालू असलेलं हे जाळं पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालतं. कुणी घरच्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर किंवा एक्स-प्लेनवर विमान उडवतं, कुणी स्वतःच्या कॉम्प्युटरवर रडार उघडून त्यांना खऱ्या रेडिओच्या भाषेत सूचना देतं. आयव्हीएओ हे दुसरं जुनं जाळंही असंच चालतं. एरवी विमानतळ शांत असतो. इव्हेंटच्या रात्री मात्र क्लिअरन्स (मार्गाची परवानगी) देणाऱ्या डिलिव्हरीपासून दूरवरचं आकाश सांभाळणाऱ्या एरिया कंट्रोलपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या असतात आणि एकाच वेळी पंधरा-वीस विमानं क्लिअरन्स मागत असतात. अशा रात्री जो गोंधळ होतो, त्यातला बराचसा विमान जागचं हलण्याआधीच झालेला असतो, हे मी डिलिव्हरीवर बसून पुन्हा पुन्हा पाहिलंय.

बातमी वाचताना

आधी वेळेचं. फोनच्या घड्याळात दुसरं शहर म्हणून बरेच जण लंडन लावतात. तसं करू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन झुलूच्या एक तास पुढे असतं. रेक्याविक लावा, कारण आइसलँडमध्ये बाराही महिने झुलूचीच वेळ चालते. आमच्या ग्रुपमध्ये न्यू जर्सी आणि लंडनची मराठी मंडळी आहेत. त्यांच्याबरोबर उडायचं ठरतं तेव्हा आम्ही फक्त झुलू लिहितो आणि शेजारी तारीखही लिहितो. "शनिवारी रात्री" हे शब्द आम्ही वापरणं सोडून दिलं आहे.

मग विमानतळाचा कोड. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड व्हीओजीओ आणि मोपाचा व्हीओजीए, म्हणजे फरक शेवटच्या एका अक्षराचा. मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे जुन्या सवयीने "गोवा" म्हटलं की हात दाबोळीचा कोड टाइप करतो. दोन्ही धावपट्ट्या सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर लांब आहेत. दाबोळीची धावपट्टी ०८/२६, मोपाची १०/२८. तुमच्या फ्लाइट प्लॅनमध्ये एक आणि डोक्यात दुसरा विमानतळ असेल, तर अप्रोच कंट्रोलर (विमानतळाजवळ आलेल्या विमानांना उतरायला आणणारा) तुम्हाला भलत्याच बाजूला वळवतो आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. नागपूरचा व्हीएएनपी आणि नवी मुंबईचा व्हीएएनएम यांतही असाच घोळ होतो. नवी मुंबईहून खरी विमानसेवा डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. तुमच्या सिम्युलेटरमध्ये तो विमानतळ आहे का, हे इव्हेंटच्या आठवडाभर आधी उघडून बघा. नाहीतर बाकीच्यांना तुम्ही टर्मिनलसमोर उभे दिसाल आणि तुमच्या स्क्रीनवर चिखल असेल.

बातमीत सहसा मार्ग दिलेला असतो, चार्ट दिलेले असतात. ते चार्ट आणि तुमच्या विमानातला नॅव्हिगेशन डेटा एकाच आवृत्तीचे हवेत. हा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो. दोन वर्षांपूर्वीचा डेटा असेल तर कंट्रोलर सांगेल ते डिपार्चर, म्हणजे निघण्याचा ठरलेला मार्ग, तुमच्या विमानातल्या कॉम्प्युटरमध्ये सापडणारच नाही. अशा वेळी गप्प राहू नका. "ते डिपार्चर माझ्याकडे नाही, व्हेक्टर्स द्या" एवढं सांगितलंत की कंट्रोलर स्वतः दिशा सांगत नेतो आणि काम होतं.

जोडणी करताना

धावपट्टीवर किंवा टॅक्सीवेवर कनेक्ट व्हायचं नाही. नियमांत ते स्पष्ट लिहिलंय, तरी प्रत्येक इव्हेंटला एक तरी विमान उतरायला अगदी जवळ आलेल्या विमानासमोर अचानक उगवतंच. कारण साधं असतं: सिम्युलेटर उघडताना विमानतळ निवडला, स्टँड (विमान उभं करायची जागा) निवडलं नाही, आणि सिम्युलेटरने आपोआप धावपट्टीवर नेऊन ठेवलं. स्टँड निवडलंत तरी ते रिकामं आहे का, हे कनेक्ट होण्याआधी लाइव्ह नकाशावर बघून घ्या. इव्हेंटच्या आधी तीस-चाळीस मिनिटं स्टँडवर येऊन बसलेल्या पायलटला घाई नसते. एटिस (विमानतळाच्या हवामानाची ध्वनिमुद्रित माहिती) ऐकायला, फ्लाइट प्लॅन भरायला त्याच्याकडे वेळ असतो.

फ्लाइट प्लॅनमधल्या उंचीकडे मुद्दाम बघा. पूर्वेकडे जाताना विषम हजारांची लेव्हल, पश्चिमेकडे सम; लेव्हल ३३० म्हणजे ३३,००० फूट. मुंबई–दिल्ली आपल्याला "वर" जाणारा मार्ग वाटतो, पण त्याची दिशा किंचित पूर्वेकडे झुकलेली आहे, म्हणून ३३० किंवा ३५०. मुंबई–दुबईला ३२० किंवा ३४०.

आवाज येत नसेल तर

कंट्रोलरला मेसेज पाठवण्याआधी या क्रमाने बघा. विमानाची बॅटरी आणि रेडिओ चालू आहेत का? बंद कॉकपिटमध्ये बसून "मला कुणीच ऐकू येत नाही" म्हणणारे खूप असतात. ऑडिओ पॅनेलवर कॉम वन (पहिला रेडिओ) निवडलाय का? फ्रिक्वेन्सी स्टँडबायलाच (राखीव खिडकीत) तर नाही राहिली? व्हीपायलट किंवा एक्सपायलट या जोडणीच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तुमचाच हेडसेट आहे का? विंडोज अपडेट झालं की माइक म्हणून वेबकॅम निवडला जातो, असं मी अनेकदा पाहिलंय. आणि शेवटचं, पुश-टू-टॉकचं, म्हणजे दाबून धरून बोलायचं बटण. मित्रांशी गप्पा मारायच्या अॅपला आणि रेडिओला एकच बटण दिलं असेल, तर जेवायला काय केलंय याची चर्चा मुंबई ग्राउंडच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू येते. एवढं करूनही जमलं नाही तर टेक्स्टवर या. टेक्स्टवर उडण्यात कमीपणा काहीच नाही. फ्लाइट प्लॅनच्या शेऱ्यात तशी खूण करा, म्हणजे कंट्रोलर तयार असतो.

रेडिओवर

या भागावर मला जरा थांबायचंय.

बटण दाबण्याआधी दोन सेकंद ऐका. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की दोघांचंही बोलणं जातं आणि कंट्रोलरच्या कानात फक्त किंचाळी येते. व्हॅटसिमची सध्याची आवाजाची यंत्रणा २०१९ मध्ये आली. तिने खऱ्या रेडिओसारखी ही अडचणही जशीच्या तशी ठेवली आहे, आणि ती ठेवली हे योग्यच झालं. २७ मार्च १९७७ ला तेनेरीफच्या धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्या दिवशी टॉवरचं "थांबा, मी बोलावतो" हे वाक्य आणि "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" हे दुसऱ्या विमानाचं वाक्य एकमेकांवर आली. पहिल्या विमानाला नीट ऐकू आला तो एकच शब्द, "ओके". म्हणूनच आज "टेकऑफ" हा शब्द फक्त प्रत्यक्ष टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. एरवी "डिपार्चर" म्हणायचं. होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीबाहेरच्या थांब्यावर, उभं राहून "रेडी फॉर टेकऑफ" म्हणू नका, "रेडी फॉर डिपार्चर" म्हणा.

दुसरी गोष्ट रीडबॅकची, म्हणजे ऐकलेली सूचना परत वाचून दाखवण्याची. डिलिव्हरी सांगते: मार्ग, डिपार्चर, सुरुवातीची उंची, स्क्वॉक (रडारवर ओळख पटवणारा चार आकडी कोड). उत्तर येतं, "रॉजर." रॉजर म्हणजे रीडबॅक नव्हे. मग मी पुन्हा सगळं सांगतो, तोवर मागे सहा जण थांबलेले असतात. वही-पेन शेजारी ठेवा. मी स्वतः उडतो तेव्हा पानावर एकाखाली एक पाच गोष्टींची अक्षरं आधीच लिहून ठेवतो: कुठे, कोणत्या मार्गाने, किती उंची, कोणती फ्रिक्वेन्सी, कोणता स्क्वॉक. कंट्रोलर बोलायला लागला की फक्त रिकाम्या जागा भरायच्या आणि त्याच क्रमाने वाचून दाखवायचं. एखादा आकडा निसटला तर तेवढाच विचारा. अंदाजाने परत म्हणणं सगळ्यात वाईट.

उंचीचा आकडा का जपायचा, हे आपल्याला चरखी दादरीने शिकवलंय. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. ते त्याखाली गेलं. समोरून १४,००० फुटांवर सौदी विमान येत होतं. ३४९ जण गेले, एकही वाचला नाही. आपण घरात, खुर्चीत बसून उडतो, तरी आकडा ऐकण्याची आणि पाळण्याची शिस्त तीच ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. आमच्यातली काही मुलं पुढे खऱ्या कॉकपिटमध्ये जाणार आहेत.

उंचीचीच आणखी एक चूक पावसाळ्यात हमखास दिसते. जुलैत मुंबईचा हवेचा दाब १००२ च्या आसपास असतो. पायलट तो ऑल्टिमीटरवर (उंचीमापकावर) लावून निघतो आणि वर गेल्यावर सगळ्यांसाठी ठरलेल्या १०१३ वर बदलायचं विसरतो. फरक अकरा हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण ३०० फूट. त्याच्या ऑल्टिमीटरवर ३३,००० फूट असतात, माझ्या रडारवर मात्र त्याच्या नावापुढे ३३३ चमकतं. मी उंची तपासायला सांगितली की तो "लेव्हल ३३०" असंच म्हणतो, कारण त्याच्या नजरेला सगळं बरोबर दिसत असतं. कंट्रोलरने उंची विचारली की आधी ऑल्टिमीटरवरचा दाब बघा, मग बोला.

लांबच्या इव्हेंटला

क्रॉस द पाँड वर्षातून दोनदा होतो. अटलांटिक ओलांडायचा, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. त्याला स्लॉट, म्हणजे ठरवून दिलेली उड्डाणाची वेळ, लागतो आणि स्लॉट न मिळालेले कितीतरी जण हळहळत असतात. स्लॉट घेतला आणि जमणार नसेल, तर वेळेत परत करा. पहिलंच ऑनलाइन उड्डाण म्हणून याची निवड करू नका. आधी पुणे–गोवा, मुंबई–नागपूर अशी पाच-सहा उड्डाणं गजबजलेल्या संध्याकाळी करा. समुद्रावर सहा तास काही घडत नाही असं वाटतं आणि माणूस झोपतो, पण विमान तीस मिनिटांहून जास्त एकटं सोडायचं नाही, हा नियम तिथेही लागू आहे.

नवीन कंट्रोलरांनी आपल्या रेटिंगला झेपेल तीच जागा मागावी. रोस्टरमध्ये नाव दिलं आणि घरी पाहुणे आले, तर इव्हेंटच्या पाच मिनिटं आधी नव्हे, दुपारीच कळवावं. एक टॉवर रिकामा राहिला की अप्रोचवरच्या माणसावर दोन माणसांचं काम पडतं.

आणि उतरल्यावर. चाकं टेकली की आनंदात तिथेच डिसकनेक्ट करणारे असतात. विमान बाकीच्यांच्या स्क्रीनवरून गायब होतं, पण अप्रोचने तुमच्यामागच्या विमानाचा वेग तुमच्यासाठी आधीच कमी केलेला असतो, टॉवर तुम्हाला कोणत्या टॅक्सीवेवरून बाहेर पडायचं ते सांगत असतो. धावपट्टी सोडा, ग्राउंडशी बोला, स्टँडवर जा, इंजिनं बंद करा. ग्राउंडवर जो कुणी बसला असेल त्याला "थँक यू, गुड नाइट" म्हणा आणि मग लाइन सोडा. रात्री अडीच वाजता हेडसेटमधून ते शब्द ऐकायला फार बरं वाटतं.